न झालेल्या मॅरेथॉनचा निकाल

राजधानी मॅरेथॉनच्या चौदाव्या वर्षी डिचोलीची कोमल सखाराम परब महिलांमध्ये पहिली आली.

असे काहीही घडलेले नाही.

मॅरेथॉन समितीने आपला गौरवशाली इतिहास गुळगुळीत कागदावर छापला आहे. त्यात पहिलीपासून तेरावीपर्यंत सगळ्या मॅरेथॉन आहेत. तेरावीनंतर पाण्याच्या बाटलीची पानभर जाहिरात आहे आणि पान उलटले की ‘आगामी चौदावी मॅरेथॉन’. म्हणजे जिथे कोमल पहिली आली, तिथे सध्या पाण्याची बाटली आहे.

एरवी हा इतिहास बारीकसारीक गोष्टीही सोडत नाही. पहिल्या वर्षी प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला, त्यामुळे धावपटू आधी पोचले आणि शर्यतीचा शुभारंभ मागाहून झाला, हे त्यात प्रांजळपणे लिहिले आहे. पाचव्या वर्षी मिरामारला एक बैल आपखुशीने दोन-तीन किलोमीटर धावला. त्याला सहभागाचे पदक देतानाचा फोटो आहे. बैलाचा फोटो आहे, कोमलचा नाही. डिचोलीच्या लोकांचा राग आहे तो इथे.

तेव्हा जे घडलेच नाही ते सुरुवातीपासून सांगणे भाग आहे.

सुरुवात बसपासून झाली. कोमल चार वर्षे बंद खाणीच्या लाल रस्त्यावर धावायचा सराव करत होती. राजधानी मॅरेथॉनमध्ये पहिली येणाऱ्या मुलीला खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरीसाठी अर्ज करता येत होता, आणि त्या अर्जाची वयोमर्यादा कोमल जानेवारीत ओलांडणार होती. शर्यत डिसेंबरात होती. म्हणजे हीच एक संधी, पुढची नाही. अडचण एवढीच होती की शर्यत उजाडता उजाडता सुटायची आणि डिचोलीहून पणजीला जाणारी पहिली बस त्यानंतर निघायची. सखारामच्या स्कूटरचा पुढचा दिवा गणपतीपासून गेलेला होता.

“समिती बस धाडता, बाबा,” कोमल म्हणाली. “पण गावातसून पंचवीस जण धावणारे होये. ग्रामीण सहभाग म्हणतत तेका.”

“पंचवीस?” सखाराम म्हणाला. “माझी लायन आसा मा.”

सखाराम परब दोडामार्गाकडून तरुणपणी डिचोलीत आला तो खाणीवर टिपर चालवायला. पुढे तो ट्रकांच्या लायनीचा मुकादम झाला. आता खनिजाचे काम पूर्वीसारखे उरले नव्हते. टिपर ताडपत्री पांघरून अंगणात उभे होते, काहींवर दोडक्याचा वेल चढला होता, आणि ड्रायव्हर दिवसभर एकमेकांच्या पडवीत बसून सरकारला नावे ठेवत होते. पन्नाशीच्या अलीकडचा त्यात कोणी नव्हता.

“धांवपाचें?” शिवदास गावस म्हणाला. “पाव घेवन पोदेर फुडें गेलो तरी हांव ताच्या फाटल्यान धांवना.”

“धावूचा कोणी नाय,” सखारामने समजावले. “बसमध्ये बसूचा. माझा चेडू धावतला, आमी नाश्तो करतलों.”

नाश्त्याच्या बोलीवर सखाराम धरून चोवीस पुरुष तयार झाले. पंचविसावी कोमल. इथवर कोणाचीही काही चूक नव्हती, हे समितीनेही लक्षात घ्यायला हरकत नव्हती.

बसमध्ये समितीची स्वयंसेविका होती, स्नेहा. तिच्या हातात माइक होता आणि तिने साखळीच्या पुलापासूनच मॅरेथॉनचा इतिहास सांगायला घेतला. लोक पेंगत होते. बैलाच्या गोष्टीला दोघे-तिघे जागे झाले आणि बैल कोणाचा ते विचारून परत झोपले. मग स्नेहा म्हणाली, “आमच्या मॅरेथॉनचा इतिहास हा शिस्तीचा इतिहास आहे. मैदानावर तुम्ही ज्या क्रमाने पोचाल त्या क्रमाने तुम्हाला नंबर मिळेल. तो नंबर म्हणजे तुमचा मान. तेरा वर्षांत एकाही धावपटूने आपला नंबर सोडलेला नाही.”

बस खडबडून जागी झाली.

“आयकलास मा?” सखाराम मागे वळून म्हणाला.

“आयकलां,” चोवीसातले तेवीस म्हणाले. कोमल कानात गाणी घालून बसली होती.

खाणीवरची लायन ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे कळणे कठीण आहे. तिथे गाड्या उजाडायच्या आधी येऊन उभ्या राहत. मुकादम खडूने काचेवर नंबर घाली आणि मग दिवसभर तो नंबर हीच त्या माणसाची जात, गोत आणि कुळी. भरायचे नंबराप्रमाणे, जेटीपर्यंत जायचे नंबराप्रमाणे. मधे कोणी पुढच्याला मागे टाकले तर त्याची गाडी पंधरा दिवस रिकामी उभी. सखारामच्या सख्ख्या मेव्हण्याने एकदा घरी लग्न आहे म्हणून दोन गाड्या पुढे सोडायची विनंती केली होती. सखारामने सोडले नाही. नवरदेव मेव्हणाच होता. तो अजून सखारामशी बोलत नाही, आणि सखाराम ही गोष्ट पाहुण्यांना स्वतःहून सांगतो.

मैदानावर ही बस सगळ्यांत आधी पोचली. सखारामने माणसे उतरवून रांगेत उभी केली आणि एक नंबर त्याच्या छातीवर लागला. शिवदास चोवीस. कोमल बसमागे पाय मोकळे करत होती, तिला पंचवीस.

“नाश्तो खंय?” सखारामने विचारले.

“शर्यत पूर्ण केल्यावर,” स्नेहा म्हणाली.

चोवीस तोंडे उतरली. सखारामने तर घरून निघताना चहाही नाकारला होता, पोटात जागा राहावी म्हणून.

“म्हणजे ट्रीप मारल्याबगर भाडें ना,” शिवदास म्हणाला, आणि त्याने लुंगीच्या आत घातलेली अर्धी चड्डी वर ओढून लुंगी घडी करून खांद्यावर टाकली.

शर्यत सुटायच्या रेषेवर सखाराम पहिला, त्याच्यामागे दोन, त्याच्यामागे तीन, असे सगळे डाव्या अंगाला एकेरी उभे राहिले. कोमल पुढे आली.

“बाबा, माका फुडे उभी रवाक दी.”

“तुझो नंबर कितको?”

“पंचवीस.”

“मगे?”

“बाबा, ही लायन न्हय. शर्यत आसा.”

“मेवण्याक सोडलंय नाय मी,” सखाराम हळू आवाजात म्हणाला. “आता पोरीक सोडलंय तर हे लोक काय म्हणतीत?”

“मेवण्याची नुसती गाडी होती. माझी नोकरी आसा.”

सखारामने छातीवरचा नंबर सरळ केला. तेवीस जण जमिनीकडे बघत होते, पण कान देऊन. कोमल रागाने मागे जाऊन शिवदासच्या पाठीला उभी राहिली. बापाला डावलून पुढे जाणे तिला सहज जमले असते. पण तेवीस माणसे नुसत्या नाश्त्यासाठी तिच्यामुळे उठून आली होती, आणि त्या सगळ्यांच्या देखत बापाची तीस वर्षांची मुकादमी मोडायला तिचा पाय उचलेना.

पिस्तुल झाडले गेले. लायन भरल्या टिपरच्या वेगाने निघाली. दोन माणसांमध्ये नियमाप्रमाणे अंतर, चढावर गिअर बदलल्यासारखा हुंकार. मागून हजारभर शहरी धावपटू रंगीत बूट घालून आले आणि उजवीकडून पुढे जाऊ लागले.

“ए, नंबर कितको?” सखाराम ओरडला. इंजिनाच्या आवाजाच्या वरच्या पट्टीत बोलायची सवय असलेला तो आवाज होता. “सत्तर? सत्तर नंबर हयसर काय करता? पाठी जा.”

सत्तर नंबर हा पर्वरीतला दातांचा डॉक्टर होता. तो मागे गेला. गोव्यात माणूस काहीही ऐकून घेईल, पण रांग मोडल्याचा आरोप चारचौघांत झाला की त्याचे पाय जागच्या जागी थांबतात. मागे जाऊन डॉक्टर गप्प बसला असता तर ठीक, पण त्याने ब्याण्णव नंबरला हटकले. ब्याण्णवने एकशे चाळीसला. “मी मागे जाणार आणि तुम्ही पुढे, हा कुठला न्याय?” असे करत रायबंदरच्या बांधापर्यंत पोचेपर्यंत अख्खी मॅरेथॉन नंबराप्रमाणे लागली. महिलांमध्ये जिचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते ती तनया एकसष्ट नंबरची होती, आणि साठ नंबर कुठे गेला म्हणून अठ्ठावन्नशी भांडत उभी होती. बाहेरून आलेल्या दोघा नामांकित पुरुष धावपटूंना भाषा कळली नाही म्हणून ते तेवढे सरळ निघून गेले.

बांध चिंचोळा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे. कोमलच्या पुढे चोवीस पाठी एका लयीत हलत होत्या.

“शिवदासमामा, माका फुडे सोड.”

“सोडूंक जायना, बाये. बापूस पळयता.” सखारामचे डोळे आपल्यावर असल्यासारखा शिवदास अंग चोरून धावला. मग मागे न बघता म्हणाला, “पूण गाडी बंद पडली जाल्यार फाटली फुडें वता. तो नियम आसा.” बंद पडलेल्या गाडीला मागच्याने ओलांडले तर ते लायन मोडणे धरत नसत.

“मगे?”

“म्हजो पाटो मोडलो,” शिवदास टिपरची स्प्रिंग तुटल्यासारखा कलत म्हणाला आणि डावीकडे कठड्याला टेकून बसला.

बंद पडलेल्या गाडीमागे रस्त्यावर दगड मांडायचे आणि त्यात हिरवी फांदी खोचायची, म्हणजे मागच्याला कळते, ही रीत मोडायचे त्याच्या स्वप्नातही नव्हते. त्याने दोन दगड मांडले, वाटेवरच्या झाडाची फांदी खोचली आणि मग स्वस्थ बसला.

कोमल गोकुळदासच्या मागे आली.

“आयकलां हांवें,” गोकुळदास म्हणाला. “म्हज्या रेडिएटराक भुराक पडला.” त्याच्या अंगातून घाम असा गळत होता की रेडिएटरला भोक नाही असे कोणी म्हटलेच नसते. तोही बसला. दगड, फांदी. मग एकाचा क्लच गेला, एकाचा पंप. दोघांचा गिअरबॉक्स एकदम गेला तेव्हा त्यांनी आपसांत कुजबुजून एकाने टायर घेतला. पेडण्याचा गौरेश मात्र अडून बसला.

“म्हजी गाडी केन्नाच बंद पडूंक ना,” तो म्हणाला.

“आज पडूं दी रे,” बाजूला बसलेल्याने सांगितले.

“नांव वता.”

“पोरीची नोकरी वता.”

गौरेशने विचार केला आणि चहाला थांबतो असे जाहीर केले. चहाला थांबणाऱ्याचाही नंबर जातो. खबरदारी म्हणून त्यानेही फांदी लावली.

सखारामला आरशात न बघता मागे किती गाड्या आहेत ते आवाजावरून कळत असे. आवाज कमी होत गेला तसे त्याने वळून पाहिले. मागे फक्त कोमल होती. तिच्यामागे बांधाच्या पार टोकापर्यंत हिरव्या फांद्या डोलत होत्या आणि प्रत्येक फांदीशेजारी एकेक ड्रायव्हर घरातले कोणी गेल्यासारखे तोंड करून बसला होता.

“सगळ्यो बंद पडल्यो?”

“होय,” कोमल म्हणाली. “पाटो, रेडिएटर, क्लच. गौरेशमामा चायक थांबलो.”

“हयसर चाय खंय मिळता?”

“ताच तो सोधता.”

सखाराम धावत राहिला. कोमलही. थोड्या वेळाने ती म्हणाली, “बाबा, आता तुझी गाडी रवली.”

“माझी गाडी बरी आसा.”

“बाबा.”

“बाये, बरी गाडी बंद पडली म्हणान सांगाक माझी जीभ वळणा नाय,” तो म्हणाला, आणि ते खरे होते. त्याने एक-दोनदा तोंड उघडून पाहिले.

 कोमलने विचारले, “सकाळपासून काय खाल्लंस?”

सखाराम आठवू लागला. “कायच नाय.”

“मगे?”

सखारामचा वेग हळूहळू कमी झाला. “डिझेल नाय,” तो म्हणाला. यात खोटे काहीच नव्हते. तो डावीकडे सरला आणि नसलेल्या खिडकीतून उजवा हात बाहेर काढून त्याने तिला जा अशी खूण केली.

कोमल गेली. ती वळणापलीकडे नाहीशी होईपर्यंत सखाराम बघत राहिला. चार वर्षांत त्याने तिला घरातून निघताना आणि घामाघूम होऊन परत येताना पाहिले होते. मधले कधी पाहिले नव्हते. मग त्याने नाक पुसले, दगड शोधले आणि शेवटची फांदी खोचली.

मागून येणाऱ्यांना पहिली फांदी दिसली आणि ते थांबले. गोव्यातला कोणीही फांदी दिसली की थांबतो. मॅरेथॉनमध्ये आहे म्हणून संस्कार सुटत नाहीत. एवढ्या फांद्या म्हणजे पुढे अपघात मोठा असणार. अठ्ठावन्नने तसे एकसष्टला सांगितले. नव्वदपर्यंत जाता जाता बांधाला भगदाड पडले. तीनशेला बांध खचला. बातमी पणजीत पोचली तेव्हा रायबंदरचा बांध मांडवीत गेला होता आणि शिवाय दोन बसगाड्या, ज्या मुळात तिथे नव्हत्याच. रुग्णवाहिका निघाल्या, अग्निशामक दलाचे बंब निघाले, प्रमुख पाहुणे बक्षीस समारंभ सोडून पाहणीला निघाले. पोलिसांनी हजारभर धावपटूंना परत फिरवले आणि ते नंबराप्रमाणे परत फिरले.

त्यामुळे कोमल शर्यतीच्याच ठरलेल्या परतीच्या रस्त्याने अंतिम रेषेवर आली तेव्हा तिथे केळी वाटणाऱ्या बाईंशिवाय कोणी नव्हते. बाहेरचे ते दोघे धावपटू येऊन गेले होते आणि रिबीन एका बाजूने सुटून लोंबत होती. बाईंनी केळी खाली ठेवली, रिबिनीचे टोक धरले, दुसरे टोक खुर्चीला बांधले आणि म्हणाल्या, “ये गो आता.” वेळ मोजणारे यंत्र चालू होते. मॅरेथॉनच्या इतिहासात इतक्या कमी वेळात कोणतीच मुलगी आली नव्हती.

दुपारी समितीचे अध्यक्ष देवेश कामत यांनी निवेदन काढले. तांत्रिक कारणांमुळे यंदाची मॅरेथॉन झालेली नाही, असे समजण्यात यावे. निवेदनाच्या दुसऱ्या परिच्छेदात, शर्यतीत केलेल्या गंभीर गैरवर्तनाबद्दल डिचोलीच्या चोवीस धावपटूंवर आजीवन बंदी होती.

दुसऱ्या दिवशी सखाराम कोमलला घेऊन समितीच्या कार्यालयात गेला. बाहेर भेटायला आलेल्यांची रांग होती. सखाराम रांगेकडे न बघता सरळ दाराशी गेला. कोमल जागीच थांबली. तिने बापाला असे करताना कधी पाहिले नव्हते.

“ओ, तुमचा नंबर?” कोणीतरी ओरडले.

“शर्यत झालीच नाय म्हणतत,” सखाराम म्हणाला. “मगे माका नंबर खंयचो?” आणि आत गेला.

“हे बघा परब,” देवेश कामत म्हणाले, “जी शर्यत झाली नाही तिच्यात मी कोणाला पहिलं कसं म्हणू?”

“आणि जी झाली नाय तिच्यात मी गैरवर्तन कसा केलंय?”

“तो शिस्तीचा विषय वेगळा.”

“पोरीचा नाव यंत्रात आसा.”

“यंत्र भाड्याचं होतं. ते गेलं परत.”

“माझो गुडघो सुजलो तो?”

“त्याचं मी काय सांगणार? वय झालं तुमचं.”

“माझा झाला,” सखाराम म्हणाला. “तिचा जानेवारीत होतला. थंयसरच तर अडला.”

कामतांनी पंखा वाढवला. सखाराम बाहेर आला तेव्हा रांगेतले लोक त्याच्याकडे रागाने बघत होते. त्याने मान खाली घातली नाही. परतीच्या बसमध्ये कोमल म्हणाली, “बाबा, आज तू लायन मोडलंस.”

“मोडलंय,” सखाराम म्हणाला. “बरा वाटला नाय. पण मोडलंय.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “त्या दिवशी मोडूची होती.”

 साखळी आली तेव्हा कोमलने पिशवीतला उंडा पाव मोडून अर्धा त्याच्या हातात दिला. जानेवारी आला आणि गेला. फेब्रुवारीत समितीचा इतिहास छापून आला, बाटलीसकट. त्या संध्याकाळी चोवीसही जण शिवदासच्या पडवीत जमले, बराच वेळ बैलाला नावे ठेवली, आणि मग कोमलकडून अर्ज लिहून घेण्यात आला. त्यावर सगळ्यांनी नंबराप्रमाणे सह्या केल्या. अर्ज समितीकडे रीतसर पोचला असून तो असा:

“महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर न झालेली चौदावी मॅरेथॉन गेल्या डिसेंबरातील त्याच रविवारी, त्याच सकाळी, पुन्हा घेण्यात यावी, आणि त्या दिवशी कु. कोमल सखाराम परब हिचे जे वय होते तेच तिचे वय धरण्यात यावे. सदर शर्यतीत अर्जदार व त्याचे तेवीस सहकारी सुरुवातीपासूनच नादुरुस्त राहतील, अशी हमी या अर्जाद्वारे देण्यात येत आहे. गेल्या डिसेंबरातील सदर रविवार उपलब्ध नसल्यास तसे वेळीच कळवावे, म्हणजे त्याच्या आधीच्या रविवारासाठी अर्ज करणे सोयीचे होईल.”